सीताफळाला फुलं लागतात पण फळ धरत नाही? हाताने परागीकरण कसं करायचं, सगळं सविस्तर

सीताफळाच्या झाडाखाली गळालेल्या फुलांचा खच दिसला की आपल्याकडं पहिली चक्कर कृषी सेवा केंद्राची होते, मग टॉनिक येतं, बोरॉन येतं, संजीवक येतं, दोन फवारण्या होतात आणि फुलं तरीबी गळतच राहतात. खतपाण्याचा संबंध नाही असं मी म्हणत नाही, झाड उपाशी असेल तर ते गाळणारच, पण सीताफळात बहुतेक फुलं गळतात त्याचं कारण एवढंच असतं की त्यांना पराग मिळालेला नसतो. ज्या फुलाला पराग मिळाला नाही त्याला कितीबी टॉनिक मारा, ते फळ होऊ शकत नाही. त्यामुळं पंप पाठीवर घ्यायच्या आधी एक फूल तोडून, उघडून नीट बघा, अर्धा प्रश्न तिथंच सुटतो.

बीड जिल्ह्यातल्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे, बालाघाटच्या डोंगरात धारूरकडं तर हे झाड कुणी लावलं नाही तरी उगवतं, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं खास सीताफळाचं संशोधन केंद्र अंबाजोगाईला आहे, धारूर-6 ही जात तिथलीच. एवढं सगळं आपल्या दारात असून फूल कसं चालतं हे फार कमी शेतकऱ्यांना नीट माहिती असतं, आणि हाताने परागीकरण म्हटलं की लोक म्हणतात ते इस्रायल-बिस्रायलचं काम. तसं काही नाही. तैवानमध्ये सीताफळाच्या जातभाईला, ॲटेमोयाला, शेतकरी कित्येक वर्षं हातानेच पराग लावतात, स्पेनमध्ये चेरिमोयाच्या बागांत पण तेच चालतं. लागतं काय तर एक ब्रश, एक छोटी डबी आणि सकाळचे दोन तास.

फुलात असतं काय

शाळेत जास्वंदीचं फूल कापून दाखवलेलं आठवत असेल. फुलाचा नर भाग म्हणजे पुंकेसर, त्याच्या टोकाला परागकोश, त्यात पिवळी पावडर म्हणजे परागकण. मादी भाग म्हणजे स्त्रीकेसर, त्याचं टोक म्हणजे कुक्षी, हे टोक तयार झालं की चिकट होतं, आणि खाली अंडाशय, त्यात बीजांडं. परागकण कुक्षीवर पडला पाहिजे, एवढंच परागीकरण. तो वाऱ्याने पडो, माशीने पडो नाहीतर तुमच्या ब्रशने पडो, फुलाला फरक पडत नाही.

आता सीताफळाचं फूल. हे उलटं लोंबतं, बाहेरून तीन लांबट जाड हिरवट-पिवळ्या पाकळ्या, लांबून बघितलं तर फूल आहे हे पण कळत नाही. या तीन पाकळ्या बोटाने बाजूला केल्या की आत पांढुरका बारीक सुळका दिसतो. देठाच्या बाजूला दाटीवाटीने बसलेले पुंकेसर, त्यांचं कडं, आणि मधोमध टोकाकडं निमुळता होत गेलेला स्त्रीकेसरांचा गुच्छ. हा गुच्छ नीट लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं यावरच आहे. यात एक स्त्रीकेसर नाही, कित्येक आहेत, आणि प्रत्येकात एकच बीजांड. सीताफळावर आपण जे डोळे म्हणतो ना, तो एकेक डोळा म्हणजे यातला एकेक स्त्रीकेसर. ज्याला पराग मिळाला त्याचा डोळा फुगतो, आत गर धरतो आणि एक बी होते. ज्याला नाही मिळाला तो तिथल्या तिथं बारका राहतो.

म्हणजे वाकडंतिकडं, एका बाजूला फुगलेलं आणि दुसऱ्या बाजूला दबलेलं सीताफळ बाजारात बघता ते रोगट नसतं (काही वेळा कीड असते, पण बहुतेक वेळा नाही), त्या फुलाला एकाच बाजूने पराग मिळाला होता. असं फळ कापून दबलेल्या बाजूला बघा, बिया नसतात नाहीतर पोचट असतात. व्यापारी ते दोन नंबरात टाकतो, आणि आपण म्हणतो यंदा फळाला आकार नाही आला.

मग आपोआप का होत नाही

कारण या फुलात नर आणि मादी दोन्ही एकाच फुलात असले तरी एकाच वेळी तयार नसतात. आधी कुक्षी तयार होते, चिकट होते, त्यावेळी पराग सुटलेला नसतो. मग पराग सुटतो तोवर त्याच फुलाची कुक्षी वाळायला लागलेली असते. त्यामुळं फूल स्वतःच्या परागाने सहसा फळ धरत नाही. दुसऱ्या फुलाचा पराग पाहिजे. दुसऱ्या झाडाचाच पाहिजे असं काही नाही हां, हा गैरसमज फार आहे, त्याच झाडावरचं दुसरं फूल चालतं, अडचण फक्त वेळेची आहे.

दुसरी गोष्ट, मधमाशी. बऱ्याच जणांनी सीताफळात मधपेट्या ठेवून बघितल्या आणि मग म्हणाले मधमाशीचा काही उपयोग नाही. डाळिंबात, कांदा बियाण्यात, सूर्यफुलात, कलिंगडात मधमाशी म्हणजे सोनं, पण सीताफळाच्या फुलात तिच्यासाठी मकरंद नाही आणि मादी अवस्थेत पाकळ्या इतक्या कमी उघडतात की तिला आत जायला जागाच नाही. हे काम करतात बारीक तपकिरी भुंगेरे, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान, जे सडक्या-आंबलेल्या फळांच्या वासावर येतात. सीताफळाच्या फुलाला पण तसाच पिकल्या फळासारखा वास असतो, त्या वासाने ते फटीतून आत शिरतात, आत दडून बसतात, अंगाला पराग लागतो आणि दुसऱ्या फुलात गेले की काम झालं. बागेत हे भुंगेरे भरपूर असतील तर हाताने काही करायची गरजच कमी. पण आपल्याकडं बाग एकदम झाडून स्वच्छ, गळकं फळ एक नाही आणि वरून पिठ्या ढेकणासाठी दर आठ-दहा दिवसाला कीटकनाशक, मग भुंगेरा राहणार कुठं.

तिसरं म्हणजे हवा. एप्रिल-मेमध्ये पाणी देऊन बहर धरला तर फुलं येतात खरी, पण 40-42 डिग्रीत आणि कोरड्या वाऱ्यात कुक्षीचा चिकटपणा लगेच वाळून जातो, वर पराग पडला तरी रुजत नाही. जूनचा पाऊस पडून हवेत ओल आली की तेच झाड फळं धरायला लागतं. बहराच्या अगदी सुरुवातीच्या फुलांचा पराग पण तेवढा दमदार नसतो. म्हणून पहिल्या आठवड्यातच हिशोब करून निराश होऊ नका.

आधी भोपळ्यावर हात बसवा

माझं स्पष्ट मत आहे की ज्याने कधीच हे केलं नाही त्याने डायरेक्ट सीताफळाला हात लावू नये. सीताफळाचं फूल बारीक, नाजूक, आतलं दिसत नाही. त्यापेक्षा आखाड्यावर नाहीतर घराच्या मागं लाल भोपळ्याचा वेल असेल (काही जण डांगर म्हणतात, काही जण गंगाफळ), त्यावर चार दिवस शिका. भोपळ्यात नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, आणि मादी फुलाच्या खाली पहिल्या दिवसापासूनच बारकं भोपळं दिसतं, त्यामुळं चूक होतच नाही. नर फुलाचा देठ लांब आणि सरळ, आत एकच पिवळा दांडा. मादी फुलात आत तीन भागांची जाडसर कुक्षी.

सकाळी लवकर, उजाडल्या उजाडल्या जायचं, कारण हे फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका, आतला पिवळा दांडा बोटाला लावून बघा, पावडर लागली म्हणजे पराग तयार. तो दांडा मादी फुलाच्या कुक्षीवर तिन्ही भागांना हलक्या हाताने फिरवा. झालं. तीन-चार दिवसात खालचं भोपळं फुगायला लागलं तर जमलं, पिवळं पडून गळालं तर नाही जमलं. दोडका आणि दुधी मात्र संध्याकाळी उमलतात, त्यांना दिवस मावळताना जावं लागतं, कारल्याला सकाळी. सुरुवातीला वेलाला नुसती नर फुलंच येतात, मादी मागून येतात, तेव्हा पहिल्या दिवसात फुलं गळाली म्हणून लगेच फवारायला पळू नका.

यात एक गोष्ट कळते ती म्हणजे ताजी कुक्षी कशी दिसते, पराग किती लागतो आणि हात किती हलका पाहिजे. ते कळलं की सीताफळ.

सीताफळ: फूल कोणत्या अवस्थेत आहे ते ओळखणं

हे जमलं तर सगळं जमलं, बाकी नुसती मजुरी आहे. दोन-तीन दिवस नुसतं बघायला जा. मोठ्या कळ्या निवडा, देठाला रंगीत लोकरीचा धागा हलका बांधा आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ बघत राहा. प्रत्येक जातीचं, प्रत्येक शिवारातल्या हवेचं टाइमटेबल थोडं वेगळं असतं, बालानगरचं वेगळं, एनएमके गोल्डनचं वेगळं, त्यामुळं दुसऱ्याने सांगितलेल्या तासावर जाण्यापेक्षा आपल्या झाडाचं आपण बघितलेलं चांगलं.

आधी कळी घट्ट असते, पाकळ्या टोकापर्यंत चिकटलेल्या, हिच्याकडं दुर्लक्ष करा. मग पाकळ्यांच्या टोकाला बारीक फट पडते, पाकळ्या थोड्या सैल होतात पण फाकत नाहीत. हीच मादी अवस्था. अलगद फाकवून बघितलं तर मधला गुच्छ पांढरा, ओलसर, चमकतो, बोटाच्या नखाला किंचित चिकट लागतो, आणि भोवतीचे पुंकेसर घट्ट एकमेकाला चिकटून बसलेले, ब्रश लावला तरी सुटत नाहीत. पराग लावायचा तो याच फुलाला.

त्यानंतर पाकळ्या पूर्ण फाकतात, पुंकेसर मोकळे होतात, त्यांचा पांढरेपणा जाऊन मळकट पिवळट होतो, नुसतं टिचकी मारली तरी झडतात. ही नर अवस्था. आता मधल्या गुच्छाची चमक गेलेली असते, तो तपकिरी पडायला लागतो. या फुलाला पराग लावून काही होणार नाही, याचा पराग घ्यायचा. नवीन माणूस नेमका इथं फसतो, कारण पूर्ण उघडलेलं फूल दिसायला चांगलं दिसतं, ब्रश आत सहज जातो, म्हणून तो त्यालाच पराग लावत बसतो. फटीएवढं उघडलेलं ते मादी, सताड उघडलेलं ते नर, एवढं गड्यांना पाठ करून घ्या.

पराग गोळा करणं

दोन पद्धती आहेत. पहिली, आदल्या दिवशी संध्याकाळी जी फुलं मादी अवस्थेतून पुढं सरकलीत, पाकळ्या बऱ्यापैकी फाकल्यात पण पुंकेसर अजून झडत नाहीत अशी तोडून आणायची आणि कागदाच्या पिशवीत नाहीतर ताटात कागदावर पसरून घरात ठेवायची. प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको, घाम सुटतो, पराग ओला होऊन गोळा होतो आणि वाया जातो. सकाळपर्यंत पुंकेसर सुटलेले असतात. दुसरी, पहाटे बागेतच सताड उघडलेली फुलं तोडून लगेच वापरायची. ज्यांची बाग घरापासून लांब आहे त्यांना दुसरी सोपी. पण पावसाळ्यात पहाटे फुलं भिजलेली असली तर पहिलीच बरी पडते, त्यामुळं दोन्ही माहिती पाहिजेत.

सकाळी ही फुलं एका कागदावर उलटी धरून टिचक्या मारा, पुंकेसर आणि पराग खाली पडतात. कागद काळा असेल तर फार चांगलं, पराग दिसतो. पाकळ्यांचे तुकडे उचलून टाका, बाकी पुंकेसरासकट डबीत भरा, डबी हलवली की अजून पराग सुटतो. चहाच्या चाळणीतून चाळून घेतला तर आणखी बारीक मिळतो, पण चाळलाच पाहिजे असं काही नाही. डबी सावलीत, खिशात नको कारण अंगाची गरमी लागते, आणि तो पराग त्याच सकाळी संपवायचा. उद्यासाठी ठेवला आणि लावला तर फळ धरण्याचं प्रमाण लगेच घसरतं. हिशोबाला दोन-तीन मादी फुलांमागं एक नर फूल धरा, जास्त असलं तर चांगलंच. नर फुलं तोडली म्हणून फळं कमी होतील ही भीती मनातून काढून टाका, ती फुलं तशीही गळणारच होती.

ब्रश लावणं

चित्रकलेचा मऊ केसांचा दोन किंवा तीन नंबरचा गोल ब्रश घ्या, लेकरांच्या दप्तरात मिळेल, पण रंग लागलेला नको, साबणाने धुऊन वाळवलेला पाहिजे. वेळ उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंत, आभाळ असेल आणि हवा गार असेल तर दहापर्यंत. ऊन तापलं की बंद.

एका हाताने फूल खालून धरा, अंगठा आणि बोटाने एक पाकळी थोडी बाजूला करा, तोडू नका. पाकळी मोडली तर तिथून हवा लागून कुक्षी लवकर वाळते. ब्रश परागात बुडवून आत सरकवा आणि मधल्या सुळक्याभोवती पूर्ण गोल फिरवा, दोन-तीन वेळा, आणि शेवटी टोकाला. आता डोळ्यांचं मघाशी सांगितलं ते आठवा. एका बाजूने ब्रश टेकवून काढून घेतला तर अर्धेच डोळे भरणार आणि फळ वाकडं होणार. सगळ्या बाजूने पराग लागला तर फळ गोल, भरलेलं, वजनदार. इथं घाई केली तर आधीची सगळी मेहनत पाण्यात जाते, म्हणून मजुरांना फुलांच्या संख्येवर पैसे देण्यापेक्षा रोजावर घ्या, संख्येवर दिले की ब्रश नुसता टेकवला जातो. दाबून घासायची पण गरज नाही, कुक्षी नाजूक असते, खरवडली की गेली.

कोणती फुलं निवडायची यात मात्र अक्कल वापरावी लागते. जाड फांदीवरची, झाडाच्या आतल्या बाजूची, खालच्या आणि मधल्या भागातली फुलं घ्या. शेंड्याच्या काडीएवढ्या फांदीवर फळ धरलं तर ते पोसत नाही आणि वाऱ्याने घासून खराब होतं. एका जागी दोन-तीन फुलांचा झुपका असेल तर एकालाच लावा. झाडाची ताकद बघून फुलं मोजा, चार-पाच वर्षाच्या झाडावर दोनशे फळं धरून सगळी लिंबाएवढी राहणार असतील तर काय उपयोग. लावलेल्या फुलाच्या देठाला धागा बांधा, रोजचा रंग वेगळा, म्हणजे कोणत्या दिवशी लावलेली फुलं टिकली ते कळतं आणि पुढं तोडणीचा अंदाज पण येतो. निदान पहिल्या वर्षी हे कराच, आणि शेजारच्या फांदीवरची तेवढीच फुलं न लावता धागा बांधून सोडा, फरक डोळ्यांनी दिसला पाहिजे.

पाऊस चालू असेल तर काम बंद. फूल उलटं असल्यामुळं आत पाणी फार जात नाही, पण ब्रश ओला झाला की परागाचा चिखल होतो. सरी थांबल्या, पानं निथळली की परत चालू करा, पावसानंतरची दमट हवा तर उलट या कामाला फार चांगली. उन्हाळी बहर असेल तर ज्या भागात उद्या काम करायचं तिथं आज संध्याकाळी पाणी द्या, आच्छादन टाका, बांधाला शेवरी नाहीतर गवताचा आडोसा असेल तर आणखी चांगलं. हवेतली कोरड तेवढीच कमी होते.

लावल्यावर आत काय चालतं

हे माहिती नसलं तरी काम अडत नाही, पण माहिती असलं की धीर राहतो. परागकण चिकट कुक्षीवर बसला की तो रुजतो, अगदी बी जमिनीत रुजल्यासारखा, आणि त्यातून एक बारीक नळी निघते, परागनलिका. ती खाली बीजांडापर्यंत जाते. तिच्यातून दोन नर पेशी उतरतात, एक अंडपेशीशी मिळते आणि त्याचा गर्भ होतो, म्हणजे उद्याचं रोप, दुसरी बीजांडातल्या मधल्या केंद्रकांशी मिळते आणि तिथं त्या गर्भाचा शिधा तयार होतो. ज्वारीच्या दाण्याचं पीठ म्हणजे बहुतांशी हाच शिधा, आपली भाकरी त्यावरच चालते. हे दुहेरी फलन 1898 साली सेर्गेई नवाशिन या रशियन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं. फुलझाडं सोडली तर असा प्रकार इतर झाडांत जवळपास नाहीच.

बी धरली की तीच आजूबाजूच्या भागाला वाढायचा निरोप देते, संजीवकं तिथूनच सुटतात, म्हणून बी नाही तर गर नाही. बाहेरून मारलेलं संजीवक या कामाची जागा पूर्ण घेऊ शकत नाही.

बाहेरून बघायचं तर तीन ते पाच दिवसात पाकळ्या गळतात, दोन्हीकडं गळतात, घाबरू नका. जमलेल्या फुलाचा देठ हिरवा आणि ताठ राहतो, टोकाला हिरवी बारीक गाठ उरते. न जमलेल्याचा देठ पिवळा पडतो आणि हात लावला की हातात येतो. ती गाठ पुढचे काही दिवस फार फुगत नाही, मग हळूहळू डोळे दिसायला लागतात. महिनाभरात वाकडी राहिलेली, काळी पडून दगडासारखी झालेली फळं काढून टाका, जीवावर येतं पण काढा.

भुंगेऱ्यांना पण राहू द्या

दहा-पंधरा झाडं असतील तर ब्रश पुरतो, पण पाच एकर बाग असेल तर एकट्या ब्रशवर होत नाही, भुंगेऱ्यांची साथ लागते. सोपं काम आहे. बहर सुरू होताना झाडांच्या ओळीत जागोजागी सडकी केळी, पपई, अननसाच्या साली असं काहीतरी डब्यात घालून सावलीत ठेवा, आंबूस वास सुटला की भुंगेरे गोळा होतात. झाडाखाली पालापाचोळा राहू द्या, सगळा पेटवून देऊ नका. आणि फुलं चालू असताना कीटकनाशक मारायची वेळ आलीच तर पूर्ण बागेला मारू नका, ज्या झाडावर पिठ्या ढेकूण आहे तेवढ्यालाच, खोडाला चिकटपट्टी लावा म्हणजे मुंग्या वर चढत नाहीत, मुंग्या थांबल्या की ढेकणाचा प्रसार पण कमी होतो. फळं मोठी झाली की मात्र सडकी फळं बागेतून उचला, तेव्हा फळमाशीचा धोका असतो.

झाड आपल्याकडं आलं पण त्याचा किडा पुरेसा नाही ही अडचण नवी नाही. सीताफळ मूळचं अमेरिका खंडातलं. तिकडूनच, मेक्सिकोतून, व्हॅनिला हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर नेली, वेल वाढला, फुलं आली, पण तिथं तिची मधमाशी नव्हती म्हणून शेंग धरेना. 1841 मध्ये एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम पोराने काडी आणि अंगठ्याने त्या फुलाला पराग लावायची रीत शोधली, आणि जगभरातली व्हॅनिलाची शेती आजही त्याच रीतीवर चालते. म्हणून मला वाटतं ब्रश घेऊन झाडाखाली बसण्यात कमीपणा काहीच नाही.

बाकीच्या पिकांना कुठं गरज आहे, कुठं नाही

सोयाबीनला काहीच करायचं नाही, फूल उमलायच्या आधीच आतल्या आत परागीकरण झालेलं असतं, म्हणून तर घरचं सोयाबीन बियाणं जात न बिघडता ठेवता येतं, फक्त उगवण तपासायची. हरभरा पण तसाच. ज्वारी बरीचशी स्वतःच्याच परागावर भागवते, मका वाऱ्यावर, म्हणून मका एका लांब ओळीत लावण्यापेक्षा चौकोनी तुकड्यात लावला की कणसं भरतात. डाळिंबात काही फुलं नुसती नर असतात, खाली घंटीसारखी निमुळती, ती गळणारच, खाली फुगीर असलेली टिकतात. कपाशी स्वतःच फळते पण संकरित बियाणं करायचं तर हाताशिवाय पर्याय नाही, जालना भागात सीड प्लॉट केलेल्यांना सांगायला नको, आदल्या दुपारी उद्या उमलणारी कळी सोलून पुंकेसराची नळी नखाने काढायची, टोपी घालायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर फूल आणून कुक्षीवर फिरवायचं. ज्यांनी ते क्रॉसिंग केलंय त्यांना सीताफळ एका दिवसात जमतं, बायांचा हात तर त्यात फार बसलेला असतो, अशी मजूर मिळाली तर सोडू नका.

तोडणी आणि बी

लावल्यापासून साधारण चार महिन्यांनी फळ येतं, जातीप्रमाणं आणि थंडीप्रमाणं पुढंमागं. धाग्याचा रंग बघून कोणती आधी येणार ते कळेल. मधल्या काळात पाण्याचा खाडा करू नका, महिनाभर कोरडं ठेवून एकदम भरपूर पाणी दिलं किंवा मोठा पाऊस झाला की फळं तडकतात. डोळे उघडले, म्हणजे दोन डोळ्यांमधली फट रुंद होऊन पिवळसर-पांढरी दिसली की तोडा, झाडावर पिकू दिलं तर पाखरं ठेवत नाहीत.

तोडताना लावलेल्या आणि न लावलेल्या फुलांची फळं वेगळी ठेवून वजन करा, दोन्हीकडचं एकेक फळ फोडून बिया मोजा. पुढच्या वर्षी किती मजूर लावायचे ते याच आकड्यावरून ठरवा.

चांगल्या झाडाचं बी लावून तसंच झाड येईल का, असं बरेच जण विचारतात. बऱ्याचदा जवळपास तसं येतं, पण खात्री नाही, कारण त्या बीमध्ये पराग कुठल्या झाडाचा होता ते आपल्याला माहिती नसतं. तेच झाड हवं असेल तर बियांपासून खुंटरोप करा आणि त्यावर त्या झाडाच्या काडीचं कलम बांधा. बी सावकाश उगवते, महिना सहज जातो, पिशवी लवकर उपसू नका. आणि एक गोष्ट नीट ऐका, सीताफळाची बी विषारी असते. लेकरं बी चावत असतील तर थांबवा, उवा मारायला बियांची पूड डोक्याला लावायची जुनी पद्धत काही घरांत अजून आहे ती बंद करा, ती पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते. गेलीच तर डोळा चोळू नका, लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि तडक डोळ्याच्या डॉक्टरकडं जा.